तेरा महिन्यांचा तक्ता

"बघून सांगते."

ताईंना काहीही विचारा, उत्तर हेच. आधी ओला हात पदराला पुसायचा, विचारणाऱ्याकडे एकदा नीट पाहायचं आणि म्हणायचं, "बघून सांगते." किती वाजले असं विचारलं तरी या असंच म्हणतील की काय, असं वाटून मी एकदा मुद्दाम विचारलं. त्यांच्या हातात घड्याळ नव्हतं. त्या माझ्या इन्स्टिट्यूटच्या दारापर्यंत गेल्या, बाहेर ऊन कुठवर आलंय ते पाहिलं आणि परत येऊन म्हणाल्या, "सव्वाबारा." भिंतीवरचं माझं घड्याळ बारा वीस दाखवत होतं. ते पाच मिनिटं पुढे आहे, हे मला दुसऱ्या दिवशी रेडिओ लावल्यावर कळलं.

तुम्ही-आम्ही असे नसतो. आपल्याला कुणी काही विचारलं की माहीत नाही म्हणायची लाज वाटते, मग आपण काहीतरी ठोकून देतो. मी तर त्यात पटाईत होतो. ठाणे स्टेशनजवळ माझी टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. सकाळ-संध्याकाळ मुलंमुली शिकायला यायची आणि दुपारी मी बाहेरची कामं घ्यायचो. कोर्टाचे अर्ज, सोसायट्यांचे ठराव आणि प्रबंध. प्रबंध टाइप करून घ्यायला कल्याण-डोंबिवलीहूनही लोक माझ्याकडे यायचे, कारण माझ्या पानात चूक सापडत नाही असा माझा लौकिक होता. मजकुरातलं मला काडीचं कळायचं नाही, पण वीस वर्षांत एकही पान चुकीसाठी परत आलं नव्हतं. हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत असे, न विचारता.

ताई पहिल्यांदा आल्या त्या भर दुपारी, डोक्यावर मासळीची रिकामी टोपली घेऊन. सकाळचा बाजार आटोपून आल्या होत्या. टोपली त्यांनी दाराबाहेर ठेवली, तिच्यातून प्लास्टिकची पिशवी काढली आणि पिशवीतून एक जाडजूड वही. एमएस्सीचा प्रबंध आहे, प्राणिशास्त्राचा, असं म्हणाल्या.

"कुणाचा?" मी विचारलं.

"माझा," त्या म्हणाल्या.

मी खुर्ची पुढे सरकवली, आणि ती आधीच का सरकवली नाही याची मला आजही लाज वाटते. हकीकत अशी होती. लग्नाआधी त्या ठाण्यातल्याच कॉलेजातून बीएस्सी झाल्या होत्या. लग्न होऊन खाडीकाठच्या कोळीवाड्यात आल्या आणि मग दहा वर्षं बाजार, घर, दोन मुलं. मुलं शाळेत रुळल्यावर एक दिवस त्या मासळी विकून थेट कॉलेजात गेल्या आणि जुन्या सरांना भेटल्या. तेव्हा संशोधन करून एमएस्सी करता यायची. एकच विषय घ्यायचा, दोन-तीन वर्षं त्याच्या मागे लागायचं आणि प्रबंध लिहायचा. सरांनी विचारलं, विषय कोणता? ताईंनी सांगितलं, निवटी.

ज्यांनी निवटी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. हा खाडीच्या चिखलात राहणारा बोटभर लांबीचा मासा. डोळे डोक्याच्या वर टांगलेले. पुढचे पर हातासारखे टेकून हा मासा चिखलावरून चालतो आणि मनात आलं की उडी मारतो. भरती आली की बिळात, ओहोटी लागली की बाहेर. कोळणी बिळात हात घालून निवट्या पकडतात आणि त्यांचं कालवण करतात. ताईंनीही लग्न झाल्यापासून तेच केलं होतं. तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं होतं की चिखल उघडा पडला तरी निवट्या लगेच बाहेर येत नाहीत. कधी थोड्या थांबतात, कधी पाणी पुरतं ओसरायच्या आधीच येतात. बिळात अंधारात बसून त्यांना वेळ कशी कळते, एवढाच ताईंचा प्रश्न होता.

पुढचे चार महिने त्या दुपारी पानं घेऊन येत राहिल्या. पानांना मासळीचा वास असायचा. आमच्या चाळीतलं एक मांजर त्या चार महिन्यांत माझ्या टेबलाखालून हललं नाही. एकदा तर ते तिसऱ्या प्रकरणावर चढून झोपलं. ताई आल्या, मांजराला उचलून बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या की पहिल्या दोन प्रकरणांपेक्षा हे बरं झालंय असं दिसतं.

आमचं भांडण व्हायचं ते एका गोष्टीवरून. प्रबंध इंग्रजीत, आणि त्यात ताई लिहायच्या, मी पाहिलं. मी अमुक ठिकाणी बसले, मी तमुक पाहिलं. मी त्यांना समजावलं की प्रबंधात असं नसतं. मी पन्नासेक प्रबंध टाइप केलेत, एकातही 'मी' नाही. 'असे आढळून आले' असं लिहायचं असतं.

"कुणाला आढळून आलं?" ताईंनी विचारलं. "उन्हात बसले मी, पाय सुजले माझे. मग बघितलं कुणी?"

त्या सरांकडे दाद मागायला गेल्या. सर भला माणूस, निवृत्तीला आलेले, पण त्यांनीही माझीच बाजू घेतली. त्या दिवशी ताई खट्टू होऊन आल्या आणि सगळीकडचं 'मी' मला काढायला सांगितलं. मी काढलं. जिंकल्याचा आनंद मात्र झाला नाही.

एका ठिकाणी त्यांनी कुणाचं ऐकलं नाही. ऋणनिर्देशात पहिलं नाव सरांचं घालायची रीत असते. ताईंनी पहिलं नाव सासूबाईंचं घातलं. मी भुवया उंचावल्या तेव्हा त्यांनी कारण सांगितलं. खाडीच्या काठाला त्यांनी बांबूच्या चार काठ्या रोवून एक चौकोन आखला होता. त्या चौकोनातल्या निवट्या बघायच्या आणि वेळ टिपायची, असं काम. पण कोळीवाड्यातल्या बायका रोज त्याच चिखलात हात घालायच्या. तेव्हा सासूबाई घरोघर फिरल्या आणि सांगून आल्या की माझ्या सुनेच्या चौकोनात कुणी हात घालायचा नाही. अख्ख्या कोळीवाड्याने तो चौकोन पाळला. ताई खाडीवर बसायच्या त्या दिवशी सासूबाई त्यांच्या जागी बाजारात बसायच्या.

आणि तिथीचा हिशेबही सासूबाईंनीच शिकवलेला. कोळीवाड्यात भरतीची वेळ कुणी वर्तमानपत्रात बघत नाही. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता बंदरावर भरती. आमच्या खाडीत पाणी चढायला त्यावर पाऊण तास. हा हिशेब तिथे पोरासोरांना पाठ असतो. ताईंनी आपली नोंदवही याच पद्धतीने लिहिली होती. इंग्रजी तारीख कुठेच नाही. चैत्र शुद्ध तृतीया, चैत्र शुद्ध चतुर्थी, असं पानोपानी. त्यांना त्यात वावगं काही वाटलंच नाही. पाणी तिथीवर चालतं, निवटी पाण्यावर चालते, तर वही तारखेवर कशाला चालवायची?

शेवटी मोठा तक्ता आला. वर्षभराच्या सगळ्या नोंदी त्यात होत्या. उभ्या रकान्यात महिने, आडव्या ओळीत तिथी. साध्या मशीनवर तो मावेना म्हणून मी लांब कॅरेजचं मशीन काढलं. तरीही कागद घडी घालून जोडावा लागणार होता. रकाने आखता आखता मी मोजले आणि थांबलो. तेरा होते.

त्या वर्षी अधिक ज्येष्ठ आला होता. ताईंनी सांगितलं की कॉलेजात ठरलं होतं बारा महिन्यांचं, म्हणून अधिक महिना सोडायचा त्यांचाही विचार होता. मेचं ऊन, मुलांना सुट्टी, घरी पाहुणे. पण सासूबाई म्हणाल्या, "अधिक म्हयना हाय म्हनून खारी सुकतं काय?" खारी म्हणजे खाडी. एवढं बोलून त्या टोपली उचलून बाजारात गेल्या. ताई मुकाट्याने खाडीवर जाऊन बसल्या.

मी म्हटलं, ताई, लोकांना बारा कळतात. एक काढून टाका. त्या म्हणाल्या, "बघितलंय ते काढू कसं?" मी तेरा रकाने आखले. पाच प्रती, मध्ये कार्बन, एकही खाडाखोड नाही. आयुष्यात केलेल्या कामांत ते पान मला सगळ्यांत आवडतं.

तोंडी परीक्षा मार्गशीर्षात होती. बाहेरगावचे एक मोठे प्राध्यापक परीक्षक म्हणून येणार होते. त्या दिवशी बाराच्या सुमाराला कॉलेजचा शिपाई धापा टाकत माझ्याकडे आला. मूळ हस्तलिखित घेऊन ताबडतोब बोलावलंय म्हणाला, टायपिंगमध्ये मोठी चूक निघाली आहे. मी शर्टाची बटणं लावत निघालो. वीस वर्षांत पहिल्यांदा माझं पान चुकीसाठी परत येत होतं.

व्हरांड्यात सर आणि ताई उभे होते. सरांचा चेहरा उतरला होता. परीक्षकांनी तक्ता उघडला, रकाने मोजले आणि विचारलं की वर्षाचे तेरा महिने कोणत्या देशात होतात? त्यांच्या गावाकडे महिने सूर्यावर मोजतात, त्यामुळे अधिक महिना त्यांच्या घरी कधी आलाच नव्हता. आधी त्यांना ती टायपिंगची चूक वाटली. मग त्यांनी ताईंची नोंदवही मागवली. तिच्यात एकही तारीख नाही, नुसत्या तिथी, आणि वेळा तर अशा नेमक्या की दर महिन्याला त्याच तिथीला जवळपास तीच वेळ. तेव्हा त्यांचा संशय वाढला. हा तक्ता घरी बसून पंचांगावरून भरलाय असं ते म्हणाले होते. खोट्या नोंदींना पदवी मिळत नसते, हेही.

सर हळू आवाजात म्हणाले की अजून एक वाट आहे. टायपिंगची चूक होती असं सांगू, तेरावा रकाना काढू, तारखा नंतर घालून देऊ. माणूस थकलाय, आज सही करून जाईल. आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी मान डोलावली. खोटं कशाला बोलू, माझा लौकिक मला फार प्यारा होता. पण समोर ताई उभ्या होत्या. बाजारातून आल्यावर साडी बदलून, केसात अबोलीचा गजरा घालून आल्या होत्या त्या. मी म्हटलं, माझीच चूक म्हणा.

ताईंनी हात पदराला पुसला. या वेळी तो ओला नव्हता.

"भाऊंची चूक नाही सर," त्या म्हणाल्या. "माझी पण नाही. तो रकाना काढला तर त्या महिन्यात मी खाडीवर नव्हतेच असं होईल."

आणि त्या आत गेल्या. दार उघडंच राहिलं, म्हणून पुढचं मला ऐकू आलं. ताईंची हिंदी आपल्या ठाण्याची, तिला कुणाची भीती नसते.

"सर, आज द्वितीया है. दो का पाऊणपट दीड. दीड बजे बंदर पे भरती, हमारे इधर सव्वादो. पाच बजके दस मिनिट को मेरे चौकोन में पहिली निवटी बाहर आयेगी. आप चलो. खुद बघके सांगो."

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

साडेचारला आम्ही खाडीवर होतो. परीक्षक, सर, ताई आणि हस्तलिखित छातीशी धरून मी. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण मला घरी जा म्हणायचंही कुणाच्या लक्षात आलं नाही. बांबूच्या चार काठ्या अजून जागेवर होत्या. पाणी मागे हटत होतं आणि चौकोनातला चिखल ओला, सपाट, रिकामा होता. बांधावर सासूबाई येऊन बसल्या. त्यांना कुणी कळवलं ते माहीत नाही. मागोमाग पाच-सहा कोळणी आल्या आणि त्याही गुपचूप बसल्या.

पाच वाजले. पाच दहा झाले. काही नाही. पाच बारा. परीक्षकांनी मनगट वर करून घड्याळ पाहिलं आणि सरांकडे पाहिलं. सरांनी मान खाली घातली. मी मनातल्या मनात माहीत असलेले सगळे देव आठवले आणि संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. ताई मात्र चिखलाकडे बघतच नव्हत्या. त्या परीक्षकांच्या बुटांकडे बघत होत्या. ते गृहस्थ उभ्या उभ्या डावा पाय सारखा आपटत होते. आपल्याला वाट पाहताना असते तशी सवय.

"सर, पाय मत हिलाओ," ताई म्हणाल्या. "उनको नीचे समझता है."

परीक्षकांचा पाय थांबला. आम्ही सगळेच श्वास धरून उभे राहिलो.

पहिल्यांदा दोन डोळे वर आले. नुसते डोळे, चिखलावर ठेवलेले. ते इकडे फिरले, तिकडे फिरले. मग ती निवटी पूर्ण बाहेर आली, परांवर उठली आणि चार पावलं चालली. तिच्या शेजारी दुसरी, पलीकडे तिसरी. काठीच्या मुळाशी एक, माझ्या पायापासून हातभर अंतरावर एक. आणि मग मोजणं शक्य राहिलं नाही. सगळा चौकोन जागा झाला. निवट्या उड्या मारत होत्या, एकमेकींना ढकलत होत्या, पाठीवरचे पर उभारून मिरवत होत्या. मी जन्मापासून ठाण्यात राहतो आणि हे माझ्या घरापासून पाव तासावर रोज चाललेलं होतं. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत.

परीक्षकांनी काय केलं ठाऊक आहे? त्यांनी बूट काढले, मोजे काढले, पँट वर दुमडली आणि थेट चिखलात उतरले. तिसऱ्या पावलाला गुडघ्यापर्यंत रुतले. तिथेच उभे राहून ते इंग्रजीत ताईंना प्रश्न विचारत होते, भराभर, एकामागून एक, आणि ताई काठावरून उत्तरं देत होत्या. अष्टमीला काय होतं, उधाणाला काय होतं, पावसात काय होतं. एका प्रश्नाला मात्र ताई थांबल्या आणि म्हणाल्या, हे बघितलेलं नाही, बघून सांगेन. परीक्षक चिखलात उभ्या उभ्या हसले. त्यांची परीक्षा तिथेच संपली असावी. मग ताई आणि दोन कोळणींनी त्यांना हात धरून बाहेर ओढलं.

बांधावर बसून त्यांनी सरांकडून टाइप केलेली प्रत मागून घेतली, घडी उघडून तक्ता पसरला आणि खिशातल्या पेन्सिलीने त्यावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला दिसलं नाही. मला म्हणाले की तेरा रकाने राहू द्या, आणि टायपिंग फार स्वच्छ आहे. हे दुसरं वाक्य मी त्यानंतर इतक्या लोकांना ऐकवलं की घरच्यांनी हात टेकले.

सासूबाईंनी कुणालाही उपाशी जाऊ दिलं नाही. गरम भात, भाकरी आणि कालवण. परीक्षक दोनदा वाढून घेतल्यावर विचारते झाले की हा मासा कोणता? ताई ओशाळल्या. सासूबाईंनी हाताने चालायची खूण करून दाखवली. परीक्षकांचा घास क्षणभर थांबला, मग त्यांनी तिसऱ्यांदा ताट पुढे केलं. निवट्या चौकोनाबाहेरच्या आहेत, हे सासूबाईंनी सरांना दोनदा बजावून सांगितलं.

ताई एमएस्सी झाल्या. पुढे कल्याणच्या एका कॉलेजात शिकवायला लागल्या. वर्गात कुणी पुस्तकातलं उत्तर घडाघडा म्हटलं की त्या विचारायच्या, "बघितलंस का?" आणि सगळ्या वर्गाला घेऊन चिखलात जायच्या, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. माझी इन्स्टिट्यूट नव्वदीच्या अखेरीला कॉम्प्युटर आल्यावर बंद झाली. लांब कॅरेजचं मशीन मी विकलं नाही, ते घरी आहे.

दोन वर्षांपूर्वी ताई गेल्या. शेवटच्या दर्शनाला गेलो तर कोळीवाड्यात माणूस मावत नव्हता. काही दिवसांनी मला राहवेना, म्हणून कॉलेजच्या लायब्ररीत गेलो आणि तो प्रबंध मागितला. तिथल्या मुलीने सहज काढून दिला. म्हणाली, हा नेहमी बाहेरच असतो, मुलं सारखी मागतात. घडीवर कागद इतका विरला होता की मागून पट्टी लावावी लागली होती. ही तीच प्रत होती. मी तक्ता टेबलावर पसरला. तेरा रकाने, एकही खाडाखोड नाही.

मार्गशीर्षाच्या रकान्यात, शुद्ध द्वितीयेच्या ओळीशी, पेन्सिलीची पुसट अक्षरं होती. ज्या प्रबंधातलं एकूण एक 'मी' मी माझ्या हाताने काढलं होतं, त्यात त्या मोठ्या माणसाने सही करून इंग्रजीत लिहिलं होतं: पाच वाजून सोळा मिनिटे. उशीर माझ्या पायामुळे. मी पाहिलं.